राहिलेल्या दोन पायऱ्या

६ जानेवारी २०२५

आज पुन्हा नाही जमलं! धुरपदाला खाटेवरून खुर्चीत घ्यायला गेलो आणि गुडघाच लटपटला. शेवटी सुनेला हाक मारली. शितलनं पाय धरले, मी खांदे. दिवाळीत अंगणात घसरून हिचा खुबा मोडला, रॉड टाकला, पण ही काही उभी राहिली नाही. अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या बायकोला उचलता येऊ नये — लाज वाटली.

ही मात्र हसते. "तेविसाव्या वर्षी तरी कुठं जमलं हुतं?"

जेजुरी! लग्नानंतर नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. मी तिसऱ्या पायरीवरच खाली ठेवली. पाहुणे हसून हसून बेजार. तेव्हापासून ऐकतोय — "दोन पायऱ्या राहिल्यात."

८ जानेवारी

आरोग्य उपकेंद्रात म्हाताऱ्यांसाठी व्यायाम सुरू झालाय. हर्षदा मॅडम शिकवतात. मी रोज फिरतो म्हणून ऐटीत गेलो. "मामा, नुसतं चालून दम वाढतो. उचलायला ताकद लागती. दोन्ही करा." अर्धा तास भरभर चालणं, मग वाळूच्या बाटल्या उचलणं, मग हात न टेकता खुर्चीतून उठ-बस. अर्ध्या मिनिटात माझ्या सातच झाल्या! शेजारच्या बबनरावाच्या नऊ. वर मिशीला पीळ.

रोज लिहून ठेवणार. कुरकुंभला कंपनीत तीस वर्षं लॉगबुक भरलंय, तासातासाला रीडिंग. सवय जात नाही.

३ फेब्रुवारी

उठ-बस दहा. माझी रक्तातली साखरही उतरली. आणि आज धुरपदाला एकट्यानं उचललं! शितल दारात बघतच राहिली.

१९ फेब्रुवारी

बारा. बबनराव मागे पडला. धुरपदा आता हलकी लागते. मॅडम म्हणाल्या, "मांड्यांत ताकद आली, मामा." हिला सांगितलं तर म्हणते, "पैलवान झालात की!"

शितलची कुरकूर चालूच — आई अर्धी भाकरी ताटात ठेवतात. ही म्हणते, बसून बसून भूक कुठली लागायची?

५ मार्च

तेरा!! आज हिला उचलून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. उगाचच. "अवं, सोडा, लोक बघत्यात!" सोडली नाही. जेजुरीला जायचं ठरवलं.

२३ मार्च, रविवार

झाल्या! पाचही! पोरानं शिफ्ट बदलून घेतली, जीप केली. नवी जोडपी रांगेत, आणि त्यांच्यात आम्ही. तिसऱ्या पायरीवर मुद्दाम थांबलो. ही कानाशी म्हणाली, "ठेवता का खाली?" नाही म्हटलं. चौथी. पाचवी. दमसुद्धा लागला नाही. लोकांनी येळकोट केला, भंडाऱ्यानं दोघं पिवळेधमक. परतताना हिनं माझा हात धरून ठेवला होता. इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

२४ मार्च

वर्गात सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. हर्षदा मॅडम हसल्या नाहीत. "दमच लागला न्हाई?" एवढंच विचारलं आणि वजनकाटा घेऊन माझ्यासोबत घरी आल्या. हिला उभं राहता येत नाही, म्हणून मला हिला घेऊन काट्यावर उभं केलं. त्र्याण्णव. मग मला एकट्याला. बासष्ट.

एकतीस. दिवाळीतल्या दवाखान्याच्या कागदावर बावन्न लिहिलंय.

२८ मार्च

दौंडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. पोटात गाठ आहे. पसरलीय. "आता त्रास कमी करायचा, एवढंच हातात हाय."

कंपनीत एखादं रीडिंग असं घसरलं असतं तर मी पळत गेलो असतो. आधी गेजचा काटा तपासला असता. इथं रोज सकाळी या दोन हातांत तिचं वजन येत होतं, आणि मी इथं माझी ताकद लिहीत बसलो. मूर्ख! मूर्ख म्हातारा!

व्यायामाला गेलो नाही.

२९ मार्च

विचारलं — तुला कळत होतं ना?

"व्हय. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तवाच."

मग बोलली का नाहीस?

"रोज मला उचलून किती खूश व्हायचा तुम्ही! म्हनलं, त्या दोन पायऱ्या तरी हू द्याव्यात."