कबुलीची तालीम

बाबा, येत्या रविवारी धाकटीच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे आणि बाळाला हातात घेऊन मी उभं राहावं, असा धाकटीचा हट्ट आहे. गॉडमदर म्हणून. हा शब्द माझ्यासाठी ऐकून तुम्ही दचकाल. तुम्ही गेलात तेव्हा मी तुमचा मुलगा होते, निदान सगळ्यांच्या लेखी. त्यानंतर चार वर्षांनी नागपुरात मी साडी नेसायला लागले, उपचार घेतले, कागदपत्रांवरचं नाव बदललं. आता तिथल्या एका लॅबमध्ये रक्त काढते आणि पेशंट मला मॅडम म्हणतात. सुई टोचताना माझा हात कधी हलत नाही. पण धाकटीचा फोन आल्यापासून नळ्यांवरची नावं दोन-दोनदा तपासते.

धाकटी फोनवर मला ताई म्हणते आणि सासूसमोर दादा. मी तिला दोष देत नाही, नांदायचं तिला आहे. पण या वेळी सासू शेजारी बसलेली असताना ती म्हणाली, “माह्या पोरीले तूच पाह्यजे, ताई. दुसरी कोणी नाई.” मी म्हटलं, अगं, फादर काय म्हणतील? “विचारून तर पाह्य. फादर काय तुले खाऊन राह्यले का?” म्हणून काल सेलूला, आपल्या चर्चमध्ये गेले. नवे फादर तरुण आहेत, दक्षिणेकडचे, मराठीत हिंदी मिसळून बोलतात. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. “देवाने दिलेलं शरीर बदलणं चर्चला मंजूर नाही, हे तुम्हाला मालूम आहे,” ते म्हणाले. “लेकिन तुम्ही बाळाला घेऊन उभं राहायचंच नाही, असं व्हॅटिकनने म्हटलेलं नाही. फक्त लोकांच्या श्रद्धेला ठेच लागायला नको. कोणी उठून हरकत घेतली, तर मला थांबावं लागेल.” चांगला माणूस आहे, पण ते ‘कोणी उठून’ डोक्यातून जात नाही. पोरीचं डोकं पाण्यावर धरलेलं आहे आणि मागून कोणीतरी खाकरतंय, एवढंच मला रात्रंदिवस दिसतं. अर्धं चर्च तुमच्या हाताखाली शिकलं आहे, बाबा. मान वर करून बोला, हे त्यांना तुम्हीच शिकवलंत.

ही भीती आजची नाही. मी नऊ वर्षांची होते, पहिल्या परमप्रसादाची तयारी चालली होती. तुम्ही आपल्या चर्चचे धर्मशिक्षक, कॅटेकिस्ट. आठवडाभर सायकलवर हिंगणीपर्यंतची घरं फिरायचात आणि रविवारी आम्हा पोरांकडून धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचात. परमप्रसादाआधी फादरकडे करायच्या पापकबुलीची तालीमही तुमचीच. वांग्याच्या वाफ्यापाशी बाज उभी करायची, तिच्या पलीकडे तुम्ही फादरसारखे बसणार, अलीकडे एकेक पोर गुडघे टेकणार. तालमीत काहीतरी बनवून सांगायचं आणि खरं पाप फादरसाठी ठेवायचं, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं. मला कळलं नाही. सुतळीच्या जाळीतून तुमचा कान दिसत होता, आणि त्या कानाला मी सांगितलं, की घरी कोणी नसलं की मी आईचं पातळ नेसतो आणि मग ते सोडावंसं वाटत नाही. शेजारी मोटारपंप चालू होता. मग तुम्ही हळूच म्हणालात, “हे नको सांगू फादरले. दुसरं काई सांगजो.” मी रडायला लागले तर म्हणालात, “काऊन रडून राह्यला? जा, पुढच्याले पाठव.”

मी फादरना साखर चोरल्याचं सांगितलं. मी ती कधीच चोरली नव्हती. मी न केलेल्या पापाची त्यांनी क्षमा केली, आणि दुसऱ्या दिवशी परमप्रसाद जिभेवर घेताना मला वाटलं, आता जीभ भाजणार. नवा पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तुम्ही शेजारी हात जोडून उभे होतात आणि तुम्हाला सगळं माहीत होतं.

तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. कबुलीतलं बाहेर बोलायची बंदी फादरना असते, तुम्हाला नव्हती, तरी तुम्ही ती मरेपर्यंत पाळलीत. पण का? ते पाप नाहीच, असं तुम्हाला वाटलं म्हणून, की दुसऱ्याच्या कानावर घालायलाही लाज वाटली म्हणून? त्या आठवड्यात आईच्या पातळांच्या पेटीला कुलूप लागलं. किल्ली मात्र तुम्ही माझा हात पोचेल अशा खिळ्याला अडकवलीत. तीस वर्षं मी कधी कुलूप धरून बसते, कधी किल्ली. तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही, आणि दवाखान्यात शेवटचे चार दिवस तुम्हाला बोलता येत होतं, तरी मी नुसती मोसंबी सोलत बसले.

फादरना मी हो म्हणून आले आहे. कोणी उठलं तर उठू दे, पण मी बाळ खाली ठेवणार नाही, एवढं ठरवलं आहे. पण आज धाकटी म्हणाली, बाप्तिस्मा झाला की तसंच पोरीला घेऊन कबरस्तानात जाऊ, आजोबांना दाखवू. त्याला मात्र माझी तयारी नाही. दर नोव्हेंबरात मी तुमच्या क्रुसाला चुना लावायला येते ना, तेव्हा शर्टपँट घालते आणि केस टोपीत कोंबते. धाकटीला सांगते, गावातली माणसं बघतील म्हणून. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर येतं, म्हणून मी मुद्दाम आदल्या दिवशी भर दुपारी येते. तेव्हा तिथे माणूस नसतो, बाबा. ती टोपी मी तुमच्यासाठी घालते.