मागे कोणी उभं असलं की

४ जानेवारी
आज लोडर आला. ट्रेलरवरून उतरताना साखळ्यांचा असा खणखणाट झाला की शेजारचा सुतार हातातला रंधा टाकून बघायला आला. एवढं धूड कशाला, म्हणाला. मी नुसती जागा दाखवली. कमरेएवढी काटेरी झुडपं, जुनी खोडं, दगड. टायरवाल्या गाडीचं हे काम नाही. याला लोखंडी साखळ्या आहेत आणि पुढे खाटेएवढं रुंद बकेट. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. विकणाऱ्या बाईंचे यजमान वारले, त्याआधीपासून शेडमध्येच उभा होता.

ही म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, तीही म्हातारी."

वीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या गाड्यांचे कागद सांभाळले. आता जागा माझी, यंत्र माझं. साफसफाई झाली की इथे रोपवाटिका. फिटर म्हणाला, जुनं मशीन सासूसारखं असतं, रोज विचारपूस लागते. केलेलं सगळं लिहून ठेव. म्हणून ही वही, खिशात मावेल अशी.

६ जानेवारी
दोन दिवस फक्त डागडुजी. उजवी साखळी सैल होती, ग्रीस भरून ताणून घेतली. रेडिएटरच्या जाळीतून घमेलंभर पाचोळा निघाला. डिझेलचा फिल्टर बदलला, एक गळका पाईप बदलला. सीटखाली कोणाची तरी शिट्टी सापडली, मागे उभं राहून इशारा करायला वापरतात तशी. पुसून खोक्यात टाकली.

संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातली दहा पावलं जागा मोकळी झाली. बरं वाटतंय.

९ जानेवारी
इंजिन अडखळतंय. दम लागलेल्या माणसासारखं चालतं, मध्येच गचका देतं. डिझेलच्या नळीतली हवा काढली, फिल्टर पुन्हा पाहिला. घोडं कुठे पेंड खातंय कळत नाही.

दुपारी मात्र पाच मिनिटं असं चाललं की विचारू नका. गचका नाही, धूर नाही. एकसारखा खोल आवाज, सीटमधून पाठीत उतरणारा. मी खूश होऊन वळून पाहिलं तर ही पाण्याची बाटली घेऊन मागे उभी. ती बाजूला झाली आणि पुन्हा रडगाणं सुरू.

१२ जानेवारी
फिटरने सगळं खोलून पाहिलं. काही सापडलं नाही. गळती बघायला तो मागे गेला आणि इंजिन लगेच सुतासारखं सरळ. तो ओरडून म्हणाला, झालं की बरं. मग पुढे आला. पुन्हा गचके.

त्याने डोकं खाजवलं. मी हसलो. माझ्या हाताखालचा रिव्हर्सचा दांडा तेवढ्या वेळात फार हलका झाला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. का, माहीत नाही.

१५ जानेवारी
आज खात्री करून घेतली. मागे रिकामं पिंप ठेवलं, काही फरक नाही. भटकं कुत्रं मागे येऊन बसलं, आवाज थोडा सुधारला. सुताराला म्हटलं, जरा मागे उभे राहून साखळी सरळ फिरते का बघा.

तो उभा राहिला. इतका गोड आवाज मी कुठल्याच इंजिनाचा ऐकला नाही.

साखळी सरळच फिरत होती. मी त्याला दहा मिनिटं उभं केलं. तो कंटाळून गेला तेव्हा मला त्याचा राग आला. लिहिताना लाज वाटते.

१८ जानेवारी
हिला सांगितलं, जागेवर येऊ नकोस, धूळ फार आहे. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच तर काल तीनदा हाक मारलीत."

मला आठवत नाही.

२० जानेवारी
दादा आला. थोरला भाऊ, मी बोलावलं नव्हतं. हिने फोन केला असणार. तू वाळलास, म्हणाला. उद्यापासून मी मागे उभा राहतो, खोडं काढणं एकट्याचं काम नाही.

नको म्हणालो. फार जोरात म्हणालो नाही.

२२ जानेवारी
दादाचा डावा पाय गेला. घोट्याच्या वर.

दवाखान्यातून लिहितोय. काय झालं ते नीट लिहायला हवं. दादा मागे, खोडाला दोर बांधत होता. लोडर उभा होता. दांडा मधोमध होता, न्यूट्रलला. माझे दोन्ही हात मांडीवर होते. होते. मग इंजिन गोड झालं, आणि—

पोलिसांना सांगितलं, माझा हात चुकून लागला. दादाही तेच म्हणाला. मला वाचवायला. माझ्याकडे बघत नव्हता.

२३ जानेवारी
विकणाऱ्या बाईंकडे गेलो. दारातच त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि खाली बसल्या. कोण होतं मागे, एवढंच विचारलं.

त्यांच्या यजमानांच्या वेळी मागे बाईंचा भाऊ होता. तो वाचला नाही. यजमानांनी मशीन शेडमध्ये घातलं, पण रोज जाऊन सीटवर बसायचे. आजारपणात एकदाच बोलले त्याबद्दल. म्हणाले, त्या दिवशी ते सगळ्यात छान चाललं होतं.

मी विचारलं, मग विकलंत कशाला. त्या म्हणाल्या, चार वर्षं झाली, वाटलं आता गंज चढला असेल. मग रडल्या. त्यांचे यजमान काय म्हणत होते ते मला कळत होतं.

२५ जानेवारी
हिला माहेरी पाठवलं. जाताना म्हणाली, विकून टाका. विकणार नाही. कोणाच्या गळ्यात घालू. कापणार. गॅस कटरवाला परवा सकाळी येतोय.

बॅटरी काढली. टाकीतलं डिझेल पिंपात काढलं. हात धुतले. पुन्हा धुतले.

२६ जानेवारी
सकाळी बॅटरी जागेवर होती. तारा घट्ट बसवलेल्या. माझ्या नखांत ग्रीस.

पुन्हा काढली. सुताराकडे ठेवून आलो. मी मागितली तरी द्यायची नाही, असं सांगितलं. तो माझ्यापासून दोन पावलं लांब उभा होता.

२७ जानेवारी
नऊ वाजले. ऊन चांगलं आहे. कटरवाला अजून नाही. मागच्या बाजूने कापायला सुरुवात करायची, म्हणून मागचं झाकण उघडून ठेवलंय आणि तिथेच खोडांच्या ढिगाला टेकून बसलोय. टाकी कोरडी. बॅटरीच्या जागी नुसत्या लोंबत्या तारा—

मी मागे आहे.

आत्ता लक्षात आलं.

सीट रिकामी दिसते इथून. तरी आवाज सुरू झालाय. गचका नाही. धूर नाही. आतून कधी एवढा नीट ऐकू आला नव्हता, इथून—

साखळी हलली.

उठायला हवं. डावीकडे जागा आहे, दोन पावलं फक्त. उठतो. एवढा आवाज संपू दे, मग—

किती एकसारखा, किती