आल्तुनचं जावळ आणि आपली भाषा

मिंगह्वा, चोवीस ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादास, धाकट्या शिचांगचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? लानचौच्या डॉक्टरांनी जिना वर्ज्य केला आणि तू राहतोस पाचव्या मजल्यावर, तेव्हा तू खाली उतरतच नसशील असं धरून चालतो. इकडे गवत बेताचं, मेंढ्या ठीक, आणि माझी तब्येत डावी पोटरी सोडून उत्तम. पोटरीचं पुढे येईलच.

नातीच्या जावळाला तू का आला नाहीस, ते विचारत नाही. पण तिथे काय घडलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. तुला ठाऊकच आहे, माझ्या बाओने बायको आणली ती डोंगरापलीकडची, कांगलेची. तेही युगुर, आपणही युगुर, कागदावर जमातीचा शिक्का एकच. पण आपण घोड्याला म्हणतो अह्त आणि ते म्हणतात मोरी. त्यांची बोली मंगोलांच्या घरातली, आपली तुर्कांच्या. गेल्या वर्षी सैबेरियाच्या बर्फातून एक याकूत बाई भाषा टिपायला आली होती. हजारो मैलांवरची बाई, पण घोडा, डोकं, पाच हे शब्द आमचे असे जुळले की मी तिला दुपारी दोनदा जेवायला घातलं. आणि विहीणबाई ल्हामो, डोंगराच्या पलीकडच्या, त्यांच्याशी दहा वर्षं मी चिनीतून भांडतो आहे. (ती दोघांचीही मायबोली नसल्यामुळे मनासारखं भांडण आजवर एकदाही झालेलं नाही.) पोरीच्या नावावरूनसुद्धा आमचं जमलं नाही. सोन्याला शब्द दोघांकडे जवळजवळ एकच, तरी मी आल्तुन म्हणतो, त्या हट्टाने आल्तान म्हणतात, आणि पोर दोन्हींना ओ देऊन चिनीत उत्तर देते.

ते चिनीतलं उत्तर माझ्या मनाला लागलं, दादा. पोर तीन वर्षांची झाली, बावीस तारखेला जावळ ठरलं, आणि मी भर पंगतीत जाहीर केलं की पहिली बट कापताना आशीर्वाद आपल्या भाषेत म्हटला जाईल. अख्खा. बाबांनी आपल्या दोघांच्या डोक्यावर म्हटला होता तसा. उत्तरेच्या नदीकाठी आपलं राज्य होतं, ते जळालं, आपली माणसं चहूदिशांना पांगली आणि त्यांतली मूठभर वाळवंट तुडवून या डोंगरांपाशी आली, तिथपर्यंत सगळा. विहीणबाई चहात लोणी घोळत म्हणाल्या, “म्हणा की. पण तुम्हाला येतो का सगळा?”

मला अर्धा येत होता.

उरलेला अर्धा फक्त तुओ आजींकडे, हे तूही जाणतोस. त्यांना चौदा तारखेला फोन केला. त्या ओरडून म्हणाल्या, पाच-तीसला ये. मी दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली आणि संध्याकाळी बरोब्बर साडेपाचला त्यांच्या दारात हजर. दारात फक्त कुत्रा. त्याला वेळेची काही कल्पना नव्हती. (पोटरी.) शेजाऱ्याने कुत्र्याला आवरलं आणि मग मला अक्कल शिकवली, की आजी जुन्या रीतीने मोजतात. वीस संपले, तिसाकडे जाताना पाच पावलं झाली, म्हणजे पाच-तीस, म्हणजे पंचवीस तारीख! आपले पूर्वज दगडावर असंच कोरायचे म्हणे, आणि मी, त्यांचाच वंशज, घड्याळ बघून गेलो. पंचविसाला जाऊन उपयोग काय, जावळ बाविसाला. आजी वरच्या कुरणात होत्या. पोटरीला फडकं बांधलं आणि तसाच वर गेलो.

आजींनी मला पाहून “कोण मेलं?” असं विचारलं. कारण सांगितल्यावर शेजारची घोंगडी झटकली. मग म्हणाल्या, “चाळीस वर्षांत हे मागायला कुणी आलं नाही रे. बस.” दोन दिवस त्यांनी माझ्याकडून घोटून घेतला. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. घोडा म्हणताना मी मधला श्वास गाळला, तर म्हणाल्या, असला घोडा चार पावलांत मरेल. पण अख्खा आशीर्वाद डोक्यात घेऊन उतरलो. मग घरामागे रोज सकाळी मेंढ्यांना म्हणून दाखवायचो. विहीणबाई मदतीला म्हणून आल्या होत्या, माझ्या पोटरीचं फडकं बदलायच्या आणि कुत्र्याची बाजू घ्यायच्या.

बाविसाला साठ माणसं जमली. मी कात्री घेतली, पोरीची बट धरली, सुरुवात केली. राज्य उभं राहिलं, जळालं, माणसं निघाली. आणि पूर्वज वाळवंटाच्या तोंडाशी येऊन जे थांबले ते थांबलेच. पुढची ओळ गायब! बाओ खाली बघायला लागला. पोर म्हणाली, आजोबा, झालं? दादा, त्या क्षणी मला वाटलं, बाराशे वर्षं चालत आलेली गोष्ट माझ्या हातात संपली.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुढची ओळ म्हटली. आपल्या भाषेत. उच्चार इतके भयंकर की तुओ आजींनी काठीच उगारली असती. वळून बघतो तर विहीणबाई. मी ओळ उचलली, पुढे पुन्हा अडलो, त्यांनी पुन्हा दिली. असं आम्ही दोघांनी मिळून पूर्वजांना वाळवंट पार करवलं आणि बट कापली.

नंतर मी विचारलं, हे कुठून शिकलात? म्हणाल्या, “रोज सकाळी बोंबलत होतात, मी काय बहिरी आहे? अर्थ एका शब्दाचा कळला नाही. पण तुम्ही तिथेच अडून राहिला असतात, तर नात कुणाची अर्ध्या आशीर्वादावर राहिली असती?” मी उठून त्यांच्या चहात लोणी घातलं.

तुझा,
शिचांग

ता.क. कुणी तुला सांगेल की आशीर्वाद विहीणबाईंनी म्हटला. खोटं आहे. फक्त अकरा ओळी.

ता.क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. पुढच्या महिन्यात कांगलेला विहीणबाईंच्या नातवाचं जावळ आहे आणि त्यांना तिथे आशीर्वाद त्यांच्या भाषेत म्हणायचा आहे. परवा बोलता बोलता कबूल झाल्या की शेवट त्यांनाही नीटसा आठवत नाही. वहिनींचं माहेर कांगलेचंच. त्यांच्या आवाजात सगळा आशीर्वाद फोनवर भरून पाठव, आणि कुणाला बोलू नकोस. हळू म्हणायला सांग. विहीणबाईंच्या मागे उभं राहून, त्यांच्या भाषेत मला एकही चूक करायची नाही.