कमानीची चार पानं

आबा,

आज गोठ्याचा माळा रिकामा केला. तिथं जे सापडलं ते बघून मी खाली पेंढ्यावरच बसले, आधी हसले आणि मग रडले. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील, पण हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

साठ-एकसष्ट साल असेल. लष्कराच्या लिलावातली ती हत्तीएवढी गाडी तुम्ही घरी आणलीत, तेव्हा सारा गाव बघायला लोटला होता. आईला तिच्या माहेरी न्यायचं होतं, खंडाळ्याचा घाट उतरून पार कोकणात खाडीपर्यंत. दोन दिवसांची वाट, मध्ये कितीतरी ओढ्यांना पूल नाहीत. भात लावताना आई बांधावरून पडली होती आणि वर्षभर अंथरुणाला खिळून होती. आजी थकली होती, एकदा लेकीचं तोंड दाखवा म्हणून निरोप धाडत होती. मग तुम्ही पेटलात. टपावर लोखंडी कॅरिअर झालं, दुसरी स्टेपनी आली, पेट्रोलची जादा टाकी, पाण्याचे डबे, चिखलातून ओढायला साखळी. आई एवढंच म्हणाली, "मला टेकाया एक गादी टाका, म्हंजे झालं." ते तुमच्या कानावरून गेलं. "वझं लई होणार," म्हणालात, आणि मागच्या चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या कमानींना लोहारकाकांकडून दोन्हीकडे दोन-दोन पानं, म्हणजे पोलादी पट्ट्या, वाढवून घेतलीत, तीही ट्रकची.

मग आईला बसवून पौडपर्यंत चाचणी झाली. परत आलात ते खुशीत. "दगडावरनं गेली तरी वाकत न्हाई, बघ!" वाकत नव्हती हेच तर दुखणं होतं, आबा. प्रत्येक खड्डा थेट आईच्या मणक्यात गेला होता. ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि मला म्हणाली, "त्यांना सांगू नगं. पर मी न्हाई जायाची आता. आईला म्हणावं, पुढच्या जल्मी भेटू." मला तुमचा असा राग आला! पण बोलायची छाती नव्हती. गाडीबद्दल कुणी ब्र काढलेला तुम्हाला खपत नसे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टायर बघायला एसटीनं पुण्याला जाता. मी लोहारकाकांना बोलावते. ते कपाळावर हात मारतात. "पोरी, आबा माजी हाडं मोडत्याल."

"मोडू द्या. आईची तर शाबूत ऱ्हातील."

दुपारपर्यंत चारही पानं निघतात. तीन मी माळ्यावर पेंढ्याखाली दडवते, चौथं काका मागून घेतात.

कमानी पुन्हा मऊ दबू लागल्या, आई निघायला तयार झाली आणि माहेरी पोचली. आजीनं तिला दारातच धरलं आणि दोघी किती वेळ सुटेनात. पुढं जन्मभर तुम्ही पाहुण्यांना सांगत राहिलात, "म्या पानं वाढवली, म्हणून ही सुखरूप पोचली." तुम्ही असं म्हणालात की मी खाली बघायची. तुम्हाला फसवल्याचा काटा मनातून कधी निघालाच नाही.

आज ती तीन पानं हाती आली. गंजाचा ठिपका नाही. वंगण चोपडून, तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली, वर सुतळीची तुमचीच ती दुहेरी गाठ. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! ठाऊक असून तुम्ही तीच फुशारकी मारत होता, आणि मी मान खाली घातली की मिशीत हसत असणार. सुटले बाई एकदाची.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? त्याच धोतरात बांधून ठेवते. फक्त एक राहिलं. चौथं पान तुम्ही माळाभर हुडकलं असेल. लोहारकाकांनी त्याचा कोयता केला आणि तुम्हालाच भेट दिला. येईल त्याला तुम्ही त्याची धार दाखवायचात, आणि दाखवताना इतके खूश असायचात, की मला सांगवलंच नाही.