अनिकेतने औषध घेतले नव्हते

मी, शोभा पुंडलिकराव इंगोले, वय ६२, अविवाहित, राहणार दारव्हा, पूर्ण शुद्धीत आणि कोणी गळ न घालता हे लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बोटे आखडतात म्हणून अक्षर वाकडे आहे.

शिलाई मशीन नंदाबाईला. माझ्या घरी पोळ्या करता करता तिनेच ते जास्त चालवले.

घर आणि बँकेतली ठेव भाची शाल्मलीला, म्हणजे माझा धाकटा भाऊ अनिकेत याच्या मुलीला. तिने आधी स्वतःचे आणि लेकाचे रक्त तपासून घ्यावे.

कारण सांगते. नागपूरला एका प्रयोगशाळेत मी तीस वर्षे उंदीर सांभाळले. शेवटी शेवटी एक जात आली, जन्मापासून रक्तात कॅल्शियम कमी. आई किंवा बाप, एकाकडून दोष आला तरी पुरे. डोळे लवकर पांढरे होत. मेलेल्याचे मूत्रपिंड कापताना सुरीखाली वाळू करकरे. पिंजरा धुवायला नुसते उचलले तरी एखादा ताठ होई आणि संपे. मला बाबा आठवत. पस्तिशीत मोतीबिंदू, आखडलेली बोटे. अनिकेतचेही तेच.

२००६ साली कापूसवेचणीच्या दिवसांत अनिकेत राळेगावच्या शेतात तोंडाला फेस आलेला सापडला. त्या वर्षांत अशा माणसाबद्दल कोणी दुसरे कारण विचारत नसे. फवारणीच्या औषधाचा डबा बांधावर होताच. त्याच्यावर कोणाचे कर्ज नव्हते. पंचनाम्याआधी मी त्याच्या बायकोला, कोकिळावहिनीला, म्हटले, हा झटका आहे, माझ्या उंदरांसारखा. ती म्हणाली, "ताई, रक्तातली बिमारी म्हनू नका. पोरीले कोन करीन मंग? औषध घेतलं म्हना."

मी गप्प बसले. लोक माझ्या भावाला भेकड म्हणत होते आणि मी त्यांना पाणी देत होते. याची मला लाज वाटते.

शाल्मलीने बापाला अजून माफ केलेले नाही. गेल्या दिवाळीत तिच्या लेकाची बोटे आखडलेली मी पाहिली. शाल्मली, त्याला आपल्या मनाने कॅल्शियम देऊ नकोस, जास्तीचे मूत्रपिंडात साचते. डॉक्टरांना हा कागद दाखव.

म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणापर्यंत थांबू नये, आजच तिला वाचून दाखवावे. वहिनीला मी काही ठेवलेले नाही, कारण ज्याला मिळते त्याची साक्ष धरत नाहीत. मला तिची साक्ष हवी आहे.

दारव्हा, १४ मार्च २०११
शोभा पुंडलिकराव इंगोले

साक्षीदार:
१. देवसिंग राठोड, उंदीरघरातले माझे सहकारी
२. कोकिळा अनिकेत इंगोले

(दुसऱ्या सहीखाली, वहिनीच्या अक्षरात)
वाचलं. त्यायनं औषध घेतलं नव्हतं. पोरीले मीच सांगतो.