मुलुंडात डावीकडे

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार
कमलचा फोन. पुढच्या सोमवारी ती कायमची इंदूरला, मुलाकडे. म्हणाली, रविवारी ये गं रत्ने, निवांत बसू. म्हटलं, येते, सायकलने येते. इतकी हसली की मला राग आला. शाळेत सायकल आम्ही दोघी बरोबरच शिकलो होतो. मीराची, म्हणजे सुनेची, लेडीज सायकल जिन्याखाली पडून आहे. मागितली. आई, जपून हं, म्हणाली. म्हणजे तिलाही पटलंय.

४ नोव्हेंबर
कंपाउंडमध्ये फेऱ्या. झकास! शरीर विसरत नाही. मोठ्या शहरात सायकल चालवायला काय लागतं? रुंद रस्ते, झाडांची सावली आणि टक लावून न बघणारी माणसं. मुलुंडात पहिल्या दोन गोष्टी आहेत. वॉचमन धोंडू म्हणाला, बाई, एकाच बाजूने काय फिरताय, घेरी येईल ना!

५ नोव्हेंबर
गेटातून उजवीकडे जायचं होतं, गेले डावीकडे. तीनदा. हँडल बिघडलंय. सायकलवाल्या दादूने स्वतः चालवून पाहिली, दोन्हीकडे वळवली. म्हणाला, हँडल मख्खन आहे, काकू. फॉल्ट वर बसणाऱ्यात आहे. उद्धट.
दुपारी पडल्या पडल्या उलगडा झाला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मदर मेरीच्या पुतळ्याभोवती शिकलो. मुली एकमेकींवर आदळू नयेत म्हणून सिस्टर अ‍ॅग्नेस सगळ्यांना डावीकडूनच फिरवायच्या. उजवं वळण आमच्या सिलॅबसमध्येच नव्हतं!

७ नोव्हेंबर
उपाय सापडला. तीन वेळा डावीकडे वळलं की उजवीकडे वळल्यासारखंच. मुलुंडचे रस्ते कसे चौकोनी आखलेत! यांना सांगितलं. पेपर बाजूला न करता म्हणाले, आणि पाच रस्त्याच्या चौकात काय करशील? यांचा स्वभावच असा. खरं तर शहरातले सगळे रस्ते डावीकडेच वळायला हवेत. म्युनिसिपालिटीला कळवणार आहे. रविवारनंतर.

८ नोव्हेंबर
कमलसाठी नारळाच्या वड्या केल्या. डबा कॅरियरला बांधून पाहिला. हे म्हणाले, रिक्षाने सोडतो. नको. आता रोज सकाळी फोन कोणाला करायचा, हा विचार सारखा येतोय. नवी साडी नेसावी का? चेनमध्ये अडकेल.

९ नोव्हेंबर, रविवार
पाच रस्त्यापर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे. तिथले रस्ते मात्र वाट्टेल तसे फुटलेत. डावीकडे. परत डावीकडे. केळीवाली सोनूबाई पुन्हा पुन्हा दिसत होती. शेवटी ओरडली, मावशी, काय हरवलंय काय? उतरून हाताने वळवता आली असती. पण कमलला सायकलने येते म्हटलं होतं, सायकल घेऊन येते म्हटलं नव्हतं.
दुपारी एक ओळखीचं गेट लागलं. आमचंच. आत सोफ्यावर कमल, यांच्याबरोबर चहा पीत. वाट बघून बघून रिक्षा करून आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, रत्ने, अजून डावीकडेच का गं? आणि मग हसता हसता डोळे पुसत राहिली.
वड्यांचा भुगा झाला होता. दोघींनी चमच्याने खाल्ला.
थोडक्यात, सायकलने निघाले आणि कमल भेटली. ठरल्याप्रमाणेच.

१० नोव्हेंबर
कमल गेली. सायकल पुन्हा जिन्याखाली.
स्टेशनवर पोचवायला जाणार होते. पण आमच्या गेटातून स्टेशन उजवीकडे आहे.