तिच्या हातचं पाणी

आई, दादाची मुलगी परत आली आहे. तू तिला पाहिलं नव्हतंस. एकोणीस वर्षांची आहे. चैत्रात नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी तिला केसांसकट इथे दुर्गाघाटावर आणून सोडलं. करायचं ते काशीतच करा, म्हणाले. दादा दोन दिवस पोथीत तोंड घालून बसला आणि मग मला म्हणाला, तू सांगशील तसं. मी नाही म्हटलं. माझ्या डोक्यासाठी नाई अजूनही दर पंधरा दिवसांनी येतो. वस्तरा पुसता पुसता त्याने विचारलं, "बिटिया भी बैठेगी?" त्यालाही नाही म्हटलं. त्या दिवशी वाटलं, मी तुझ्यापेक्षा शहाणी निघाले.

माझे केस गेले तो दिवस मला विसरता येत नाही. सतरा वर्षांची मी मागच्या चौकात पाटावर बसले आहे. आदल्या दुपारी तू माझ्या केसांना तेल लावून वेणी घातलीस, कशासाठी ते तुलाच ठाऊक. आता समोर बसून माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरतेस, वस्तरा घसरू नये म्हणून. हलू नकोस, लागेल, म्हणतेस. मला हुंदका येतो तशी रागावतेस. "रडायचं ते आत्ता रडून घे. उद्यापासून माझ्या चुलीशी बसायचं आहे तुला." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी देशावरून आलेल्या यजमानांचं श्राद्ध होतं. तू तुझ्या माहेरची पितळी परात माझ्यापुढे सरकवलीस, ही आता तुझी म्हणालीस, आणि मला वड्यांचं पीठ भिजवायला लावलंस. त्याआधी चार महिने मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसत होते. केस असलेल्या विधवेने शिवलेलं पाणीसुद्धा कुणाला चालत नव्हतं.

गेल्या महिन्यात मी शिकवते ती शाळा तपासायला मडम आली होती. माझ्या डोक्यावरच्या पदराकडे बघून तिने हलक्या आवाजात विचारलं, हे तुमच्याशी कोण करतं, पुरोहित की घरातले पुरुष? मी तिच्यापुढे मुलींच्या वह्या ठेवल्या. बाबा तर माझे केस गेले त्या दिवशी दुपार टळेपर्यंत घाटावरून परतलेच नव्हते. या रूढीवर मी मासिकांत तीन लेख लिहिले आहेत. त्यांत क्रूर, अज्ञानी असे शब्द आहेत. डोकं धरणारे तळवे तुझे होते, ते मात्र कुठे लिहिलं नाही. आणि तू धरण्याआधी मान मीच पुढे केली होती, तेही नाही. उंबऱ्याबाहेर बसून मी कंटाळले होते गं. केस ठेवून एकटीने जेवण्यापेक्षा ते जाऊ देत, तुझ्याजवळ बसायला मिळेल, एवढंच मनात होतं.

पितृपक्षात यजमान आले. तीन पिढ्यांची ओळख, चांगली माणसं. मुलगी पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी नुसतं विचारलं, पाणी कुणी भरलं? आवाज चढला नाही, कुणी वाईट बोललं नाही. मीच पुढे झाले, तिच्या हातातून कळशी घेतली, मोरीत ओतली आणि दुसरी भरून आणली. जिन्यात उभी राहून ती बघत होती.

काल भाजी निवडताना म्हणाली, "आत्या, सोमवारी नाई येईल ना, तेव्हा मी पण बसते." मी पुष्कळ सांगितलं. शाळेत लावून देईन म्हटलं, एकदा मान दिलीस की जन्मभर दर पंधरा दिवसांनी द्यावी लागते म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग देठ मोडत, हसत म्हणाली, "माझे केस तू ठेवलेस हे खरं. पण तू तरी माझ्या हातचं पाणी पितेस का?"

मी म्हटलं, अगं, माझं पाणी मीच भरून घ्यायची सवय आहे मला.

"सवयच ना? मग मलाही होईल."

आज रविवार. फार उकडतंय, गल्लीत वारा नाही. मघाशी तिने पाण्याचा तांब्या भरून आणला, वर फुलपात्र झाकलं, माझ्या बैठकीशेजारी ठेवला आणि गच्चीवर गेली. मी हे पाणी प्यायले तर ती उद्या बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दादा घाटावर गेला आहे, बघायला कुणी नाही. तहान लागली आहे. लेख लिहिताना हात कधी अडला नाही, आणि तांब्या एवढ्याशा अंतरावर आहे. हे पत्र पुरं झालं की पिईन, असं मघापासून म्हणतेय. म्हणूनच, आई, ज्याला जायला ठिकाण नाही असं हे पत्र मी इतकं लांबवत बसले आहे.